टाइमकोड लिहिलास का?

टेलिव्हिजनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी आमच्या चौघांच्या गटाला तीन मिनिटांची मुलाखत करायची होती. आम्ही अख्खी सकाळ प्रकाशयोजनेवर घालवली. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा आणि आमचा दिवा ३२०० केल्विनचा, त्यामुळे पाहुण्यांचा अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी दिसत होता. दिव्यावर निळा जिलेटिन कागद लावला तेव्हा कुठे रंग जुळला. मग चष्म्यावरची चमक जाईना म्हणून दिवा आणखी वर चढवला. चित्र खरोखर सुरेख आलं.

संध्याकाळी एडिटला बसलो. प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीचं ‘हं, हं’ मधेमधे ऐकू येत होतं, ते पुसलं. जिथे जिथे पुसलं तिथे आवाजात भोक पडलं. पाहुणे बोलत असताना मागे पंख्याची घरघर होती, दूरची रहदारी होती, आणि ती अर्ध्या सेकंदापुरती एकदम नाहीशी व्हायची. कान लगेच दचकायचा. रिकामी खोली कधीच गप्प नसते. म्हणून चित्रण संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी स्तब्ध उभं राहायचं आणि त्याच माइकवर ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. एडिटर तो अशा भोकांमध्ये भरतो. याला ‘रूम टोन’ म्हणतात हे आम्हाला वर्गात सांगितलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं. चित्रणाच्या दिवशी चौघांपैकी एकालाही आठवलं नाही. दोन वाक्यांमधल्या शांततेचे इवलेसे तुकडे वेचून ती भोकं बुजवण्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

टेलिव्हिजन शिकून काय मिळालं असं नवीन मुलं विचारतात तेव्हा मी या दोन रात्री सांगते. या धंद्यात तुम्ही केलेलं काम तुमच्यापाशी राहत नाही, ते पुढच्या माणसाच्या हातात जातं. कॅमेरामन शॉट घेतो तो एडिटरसाठी, म्हणून हवा असलेला क्षण सुरू होण्याआधी पाच सेकंद आणि संपल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवायचा, नाहीतर कापायला जागाच उरत नाही. वार्ताहर पाहुण्याच्या नावाचं शुद्धलेखन विचारून घेतो ते ग्राफिक्सवाल्यासाठी. पुढच्या माणसाला काय लागेल हे ज्याला आधी कळतं, त्याला पुन्हा बोलावलं जातं. कला, दृष्टी, शैली यांना मोल आहेच, पण ती दिसायची वेळ पुष्कळ उशिरा येते.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातला कॅमेरा बघून भुलू नका. कॅमेरे दर चार वर्षांनी बदलतात. विचारायचं ते हे: विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास स्टुडिओ प्रत्यक्ष हाताळायला मिळतो, सामान रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मिळतं का, आणि प्रत्येकाला प्रत्येक जागेवर बसवतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मला दिग्दर्शनच करायचं म्हणून तीन वर्षं फक्त दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरून हात कसे भरून येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ती ‘अजून एक टेक’ फार सहज म्हणायची.

स्वतःचा कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नका. चांगले हेडफोन घ्या आणि दोन हार्ड डिस्क घ्या.

दुसऱ्या वर्षी तीन कॅमेऱ्यांवर दहा मिनिटांचा चर्चेचा कार्यक्रम करायचा असतो. कंट्रोल रूममध्ये, म्हणजे पीसीआरमध्ये, कोण कुठे बसणार यावरून वाद होतात. सगळ्यांना दिग्दर्शन हवं असतं, नाहीतर स्विचर, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जाईल ते बदलणारं यंत्र. वेळ मोजायची जागा कुणालाच नको असते. माझ्या नशिबी ती आली आणि आज वाटतं, कॉलेजात मी खरं काही शिकले असेन तर त्या स्टॉपवॉचपाशी.

वेळ शेवटाकडून मोजायची असते. कार्यक्रम बरोबर १० मिनिटांचा आहे, शेवटची नामावली २० सेकंदांची, सूत्रसंचालकाच्या समारोपाला ४० सेकंद. म्हणजे ९ मिनिटं पूर्ण होताच चर्चा थांबली पाहिजे. पाहुणा वाक्य अर्ध्यावर सोडणार नाही, म्हणून ८ मिनिटं ३० सेकंदांना फ्लोअर मॅनेजरने, म्हणजे स्टुडिओत कॅमेऱ्यांपाशी उभ्या असलेल्या आमच्या माणसाने, खूण करायची. शीर्षकसंगीत ३५ सेकंदांचं आहे आणि त्याचा शेवटचा ठोका दहाव्या मिनिटाला पडायला हवा, म्हणून ते ९ मिनिटं २५ सेकंदांना आवाज पूर्ण बंद ठेवून सुरू करायचं आणि नामावली आली की आवाज वर न्यायचा. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा काचेपलीकडे कुणाला काही कळलंही नाही. संगीत संपलं, चित्र काळं झालं आणि माझ्या हातातलं घड्याळ १०:०० वर होतं. माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या खुर्चीत आवाज कसा ठेवायचा हेही शिकावं लागतं. टॉकबॅकवर, म्हणजे कंट्रोल रूममधून हेडफोनवर बोलायच्या सोयीवर, तुमचा आवाज सगळ्यांच्या कानात असतो आणि काही वेळा सूत्रसंचालकाच्याही. तो कॅमेऱ्याकडे बघून बोलत असताना तुम्ही कानात ‘तीस सेकंद’ म्हणता. तुमचा आवाज चढला तर त्याचे डोळे हलतात आणि ते पडद्यावर दिसतं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मागे उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, “अगं, हळू. घाई घड्याळाला असू दे, तुला नको.”

आता थोडं आकड्यांबद्दल, कारण बहुतेक मुलं हा भाग घोकतात आणि विसरतात. ज्या देशांत विजेचा पुरवठा ५० हर्ट्‌झचा, तिथे टेलिव्हिजन सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे २५ स्थिर चित्रांचं, झालं, आणि ६० हर्ट्‌झ तिथे ३० फ्रेमचं. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली. रंगाची माहिती जुन्या कृष्णधवल संचांना त्रास न देता त्याच लहरीत बसवायची होती, म्हणून ३० चा वेग किंचित कमी करून २९.९७ केला गेला. इतक्या जुन्या तडजोडीची किंमत आजही चुकवावी लागते. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेमचा क्रमांक. तो ३० च्या हिशोबाने मोजत राहिला आणि चित्र २९.९७ ने धावलं, तर तासाभरात १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी ‘ड्रॉप फ्रेम’ मोजणीत दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. गाळतात ते क्रमांक. चित्राची एकही फ्रेम जात नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी २९.९७ च्या वेगाचा तासाभराचा एक कार्यक्रम मी बांधून दिला होता. टाइमकोडवर लांबी अगदी काट्यावर होती. वरिष्ठ एडिटरने पडद्याकडे बघून विचारलं, “ड्रॉप की नॉन-ड्रॉप?” मी गप्प. सेटिंग नॉन-ड्रॉप, म्हणजे एकही क्रमांक न गाळणारं, होतं. तो तसाच गेला असता तर प्रत्यक्षात ३.६ सेकंद जास्त भरला असता आणि प्रक्षेपणात शेवटचं वाक्य कापलं गेलं असतं. ते वाक्य एका बाईंनी आपल्या गेलेल्या भावाबद्दल म्हटलेलं होतं. तेव्हापासून एडिटची नवीन टाइमलाइन उघडली की आधी हे सेटिंग बघते, मग बाकीचं.

टेलिव्हिजनचा इतिहास हा विषय मुलं परीक्षेपुरता करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली तेव्हा संशोधक जॉन बेअर्डची चित्रात २४० आडव्या रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची, अशा दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या जात होत्या. काही महिन्यांतच ४०५ रेषा टिकल्या आणि दुसरी पद्धत मागे पडली. त्यानंतर कित्येक वर्षं जवळजवळ सगळं थेटच होतं. अ‍ॅम्पेक्स कंपनीचं वापरण्याजोगं व्हिडिओ टेप यंत्र आलं १९५६ मध्ये. टेप इतकी महाग होती की कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसून पुन्हा वापरायचे. असे असंख्य कार्यक्रम कायमचे गेले.

मी पोरांना नेहमी चंद्राचं उदाहरण देते. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ वरून येणारं चित्र सेकंदाला १० फ्रेमचं होतं. नेहमीच्या टीव्हीवर ते तसंच दाखवता येत नव्हतं, म्हणून जमिनीवरच्या केंद्रांवर त्याचं रूपांतर व्हायचं आणि त्यात दर्जा घसरायचा. जगाने पाहिलं ते हे रूपांतरित चित्र. मूळ चित्र माहितीच्या टेपवर साठवलेलं होतं. पुढे त्या टेप शोधायला घेतल्या तेव्हा मिळाल्या नाहीत, आणि बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात या निष्कर्षाला नासा २००९ मध्ये आली. प्रक्षेपित झालेल्या प्रती आहेत, पण कॅमेऱ्यातून आलेलं ते स्वच्छ चित्र गेलं. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं हे होऊ शकतं, तर तुमच्या डिप्लोमा फिल्मचं काय? म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आणि मेमरी कार्डावर ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असली नावं नकोत. तारीख, कॅमेरा, कार्ड क्रमांक. दहा वर्षांनी उघडणाऱ्याला तुम्ही फोनवर सापडणार नाही आहात.

पहिलं काम मागताना शोरील, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ, दोन मिनिटांच्या वर नेऊ नका. सगळ्यात चांगला शॉट पहिल्या दहा सेकंदांत हवा, कारण बघणारा तेवढंच बघून पुढे बघायचं की नाही ते ठरवतो. प्रत्येक तुकड्याखाली तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा: कॅमेरा, एडिट, की फक्त ध्वनी. गटातल्या दुसऱ्या कुणाचं काम आपलं म्हणून दाखवलं तर ते कळतं. क्षेत्र लहान आहे, तो दुसराही तिथेच अर्ज करत असतो. पत्रात ‘मला काहीही चालेल’ लिहू नका. ‘मला लॉगिंग (चित्रित झालेल्याची नोंद) येतं, शनिवार-रविवार आणि रात्रपाळी चालेल’ असं लिहिलेला माणूस लगेच कामाला लावता येतो.

विनामोबदला काम पुढ्यात येईलच. मी केलं आहे आणि एका ठिकाणी ते ठरल्यापेक्षा दुप्पट लांबलं, ‘पुढच्या महिन्यापासून बघू’ असं म्हणत. तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही. तुम्ही बोला. किती आठवडे, रोज किती तास, काय शिकायला मिळणार आणि नामावलीत नाव येणार का, हे सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घ्या. जी जागा एवढंही लिहून देत नाही, ती पुढे पगाराचंही लिहून देणार नाही. आणि रात्रभराच्या शूटनंतर झोप झाल्याशिवाय गाडी चालवू नका. हे मी शंभर वेळा सांगेन.

माझी पहिली पगारी नोकरी लॉगिंगची होती. चित्रित झालेलं सगळं बघायचं आणि कुठे काय आहे ते लिहायचं. दिवसाला सहा-सात तासांचं फूटेज. पहिल्या आठवड्यात मी लिहायचे, ‘बाई रडतात, छान आहे.’ वरिष्ठ एडिटर कागद हातात घेऊन म्हणाले, “टाइमकोड लिहिलास का?” लिहिला नव्हता. ‘छान आहे’ शोधायला त्यांना चाळीस मिनिटं पुन्हा बघावी लागली असती. मग मी लिहायला लागले: ‘०१:१४:२२:१० – बोलता बोलता थांबतात, चष्मा काढतात, हातात धरून ठेवतात. आठ सेकंद काही बोलत नाहीत. मागे दार वाजतं, आवाज खराब.’ एवढं लिहिलं की एडिटरला शॉट न बघताही ठरवता येतं की तो आवाजाशिवाय वापरायचा.

लॉगिंगला पोरं कमी लेखतात. पण सहा महिने दुसऱ्यांचं कच्चं फूटेज बघण्याइतकी मोठी शाळा मला दुसरी मिळाली नाही. कोणता कॅमेरामन थांबायचं कधी हे ओळखतो, कोणता दिग्दर्शक पाहुण्याला शांत बसू देतो आणि कोण मधेच पुढचा प्रश्न टाकून ती आठ सेकंदं घालवतो, हे सगळं तिथे उघडं दिसतं.

ज्या मालिकेचं लॉगिंग करत होते तिचं काम संपल्यावर मी एडिटरकडे गेले आणि विचारलं, “सर, माझ्या लॉगमध्ये काय कमी पडलं?” ते जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “कोण बोलतंय ते तू लिहितेस. पण बोलताना ते बघतात कुणाकडे, डावीकडे की उजवीकडे, ते लिहीत नाहीस. दोन माणसं समोरासमोर बसलीत असं दाखवायचं असेल तर मला नजरच जुळवावी लागते.” दुसऱ्या दिवशी मी लॉगच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, ‘नजर’. तो अजूनही आहे, आणि माझ्याकडे लॉगिंगला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, हा कशाला?