मालिकेतलं पात्र मोठं कसं होतं: नव्या लेखकांसाठी

पहिलं पुस्तक वाचकांना आवडलं, प्रकाशक दुसरा भाग मागतोय आणि लेखकाला कथानक सुचत नाही. मालिका लिहायला घेतलेली बहुतेक मंडळी मला हेच सांगतात. माझं त्यांना एकच सांगणं असतं: नवं कथानक शोधायच्या आधी मागचं पुस्तक पुन्हा वाचा आणि पात्रानं तिथं जे केलं त्याची किंमत अजून कोण मोजतंय ते बघा. दुसरा भाग बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मुलीवर किशोर कादंबऱ्या लिहिते. शेवंती पहिल्या भागात अकरा वर्षांची आहे, चौथ्यात एकवीस. या प्रवासात जे हाताला लागलं ते इथे मांडते आहे.

सगळ्यात आधी काळाचा निर्णय घ्यावा लागतो. पात्राचं वय वाढणार आहे की नाही? न वाढलेलंही चालतं, यात कमीपणा काही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, पुस्तकामागून पुस्तकं शाळकरीच राहिला, आणि तो तसाच हवा होता. साहसकथेत वाचकाला दर वेळी तोच फेणे भेटायचा असतो. उलट बंगालीतला गुप्तहेर ब्योमकेश बक्षी बघा. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी १९३२च्या सुमारास त्याच्या कथा सुरू केल्या. एका प्रकरणात त्याला सत्यवती भेटली, लग्न झालं आणि काही कथांनंतर लेखकानं त्याला जवळजवळ पंधरा वर्षं बाजूला ठेवलं. शरदिंदु १९३८ साली सिनेमासाठी मुंबईला आले, नंतर पुण्यात स्थायिक झाले. पन्नासच्या दशकात ब्योमकेश परत आला तेव्हा तो संसारी माणूस होता. 'चित्रचोर'मध्ये तो आजारातून उठलेला आहे, हवापालटाला गेलेला आहे आणि त्याच्यावर सत्यवतीची करडी नजर आहे. बुद्धी तशीच तल्लख, पण आता घरात त्याला अडवणारं कुणीतरी आहे. पुढे मुलगा होतो, स्वतःचं घर होतं. गुप्तहेरकथेत वय असं आलेलं मला फार आवडतं, कारण केसांतल्या रुपेरी छटेचं वर्णन न करताही ते जाणवतं.

दोन्हींपैकी काहीही निवडा, पण पहिल्याच भागात ठरवा. शेवंतीचा बाबा पहिल्या भागात रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढत असेल, तर दहा वर्षांनी त्याच्या खांद्याचं काय झालं असेल हे मला ठाऊक असावं लागतं.

आता गाभ्याची गोष्ट. पात्र परिपक्व झालं हे दाखवायला बरेच जण त्याला नवे गुण देतात: पहिल्या भागात रागीट, तिसऱ्यात शांत, आधी भित्री, मग धीट. असं केलं की वाचकाला वेगळंच माणूस भेटल्यासारखं वाटतं. मी स्वभाव तोच ठेवते आणि पात्राला जुन्याच प्रसंगात पुन्हा उभं करते. भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चार कादंबऱ्या (१९७५ ते १९७९) या दृष्टीनं जरूर वाचा. त्यांचा नायक चांगदेव पाटील पुन्हा पुन्हा नव्या गावात जातो, नवं कॉलेज, नवी खोली, स्टाफरूममध्ये नवी माणसं. प्रसंगाचा साचा तोच येत राहतो, म्हणूनच त्यात उभ्या असलेल्या माणसात काय बदललं ते लख्ख दिसतं.

शेवंतीचा स्वभाव असा की दिसलं ते ती बोलून टाकते. पहिल्या भागात रापण किनाऱ्याला लागते, दोन्ही बाजूंनी दोर ओढून माणसं घामाघूम झालेली असतात, बांगडे माशांचा ढीग वाळूत पडतो आणि वाटे घालायला सुरुवात होते. तिच्या सख्ख्या काकानं दोन सुरमया आपल्या टोपलीत तळाशी सरकवल्या आहेत, हे शेवंती सगळ्यांसमोर ओरडून सांगते. मासे ढिगावर परत येतात. अकरा वर्षांची मुलगी जिंकते, वाचक खूश.

दुसऱ्या भागाचं बीज या विजयातच होतं. चारचौघांत अपमान झालेला काका रापण सोडतो आणि पर्ससीनवाल्यांच्या, म्हणजे मासळीभोवती मोठं जाळं टाकणाऱ्यांच्या, बोटीवर खलाशी म्हणून जातो. बोटी समुद्रातच जाळं आवळतात, रापणीला मासळी कमी लागते, आणि सगळी वाडी ज्यांच्यावर चिडलेली आहे त्यांच्यात आता घरचंच माणूस आहे. शेवंती खरं बोलली होती, तरी हे झालं. चौदाव्या वर्षी तिला हे पेलवत नाही, आणि पेलवू नये असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या भागात ती सतरा वर्षांची. तोच किनारा, तसाच ढीग. या वेळी शेजारची एक विधवा काकी पदराखाली चार बांगडे लपवते आणि शेवंतीला ते दिसतं. इथे मी बरीच अडले. ती गप्प बसली असती, तर समजूतदार दिसली असती, पण मग ती शेवंती राहिली नसती. पहिल्यासारखी ओरडली असती, तर मधली सहा वर्षं वाया गेली असती. शेवटी असं लिहिलं की ती सकाळी किनाऱ्यावर काही बोलत नाही आणि दिवेलागणीला काकीच्या पडवीत जाऊन बसते.

"काकी, मियां सकाळी बघलंय. उद्या तोंडान वाटो माग, देतले."

"माका मागूक जमना नाय गो."

"मगे तुझ्यासाठी मियां मागतलंय."

बोलल्याशिवाय ती अजूनही राहू शकत नाही. फक्त कुठे बोलायचं, कुणाच्या देखत आणि कुणासाठी, हे ती शिकली आहे. या तीन ओळी हाती लागल्यावर तिसऱ्या भागाचं उरलेलं पुस्तक मला पुढे दिसायला लागलं.

नवे लेखक हमखास जी पळवाट घेतात तिच्याबद्दलही बोलायला हवं: पात्र मोठं करायचं म्हणून त्याची आई मारायची. मृत्यूनं माणूस आपोआप शहाणा होत नाही, बरेचदा हट्टी होतो, चिडका होतो. मृत्यू आणायचाच असेल तर त्याला पुढची दोन पुस्तकं द्यायची तयारी ठेवा. एका प्रकरणात रडून पुढच्या प्रकरणात समंजस झालेली पात्रं मला वाचवत नाहीत.

पात्राला अधूनमधून दुसऱ्याच्या डोळ्यांनीही बघा. अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेत पहिल्या पुस्तकात (१९६८) गेड हा घमेंडखोर तरुण जादूगार आहे. दुसरं पुस्तक मात्र तेनार नावाच्या मुलीचं आहे. गेड त्यात बऱ्याच उशिरा येतो, आणि तिच्या नजरेतून तो किती बदललाय ते कळतं. तिसऱ्याच्या शेवटी त्याची शक्ती संपते. मग १९९० साली, म्हणजे अठरा वर्षांनी आलेल्या चौथ्या पुस्तकात तोच गेड जादू नसलेला साधा माणूस आहे, शेळ्या राखतो, आणि गोष्ट आहे मध्यमवयीन तेनारची. मालिकेच्या नायकाला लेखिका इतकं रितं करू शकते, हे बघून माझी भीड चेपली.

या सगळ्याला आधार म्हणून एक वही लागते. वय, जन्मखूण, कुणाचं लग्न कधी झालं हे तर हवंच. शेरलॉक होम्सच्या डॉ. वॉटसनला १८८७च्या कादंबरीत गोळी खांद्याला लागलेली आहे आणि १८९०च्या कादंबरीत पायाला. कॉनन डॉयलच्या हातून निसटलेली ही गोष्ट वाचक आजही चघळतात. पण माझ्या वहीतली जास्त कामाची पानं वेगळी आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी शेवंतीला काय माहीत आहे, कुणापासून काय लपवलं आहे, कुणाशी बोलणं बंद आहे आणि ते कुणी बंद केलं, हे मी तिथे लिहिते. लोक तिला कशी हाक मारतात तेही लिहिते. पहिल्या भागात सगळ्या वाडीसाठी ती "चेडू", म्हणजे पोर, होती. चौथ्यात जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात रापणीचा हिशेब लागेना, तेव्हा म्हातारे रापणकर तिला खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवून घेतात आणि तिनं वही उघडेपर्यंत थांबतात. ती मोठी झाली हे मला वेगळं लिहावं लागलं नाही.

मागची कथा नव्या वाचकाला कशी सांगायची, हाही प्रश्न येतो. ग्रंथप्रदर्शनात लोक तिसरा भाग आधी उचलतात. त्यांच्यासाठी पहिल्या प्रकरणात सारांश कोंबू नका. काका समोरून येताना दिसला की शेवंती वाट सोडून माडांच्या बाजूनं जाते, एवढं पुरतं. जुन्या वाचकाला कारण माहीत आहे, नव्याला कुतूहल वाटतं, आणि दोघंही पान उलटतात.

नवा भाग सुरू करण्याआधी मी मागच्या सगळ्या भागांतले फक्त तिचे संवाद ओळीनं मोठ्यानं वाचते. वर्णनं नाहीत, इतरांची वाक्यंही नाहीत. वाक्यं कुठे आखूड झाली, प्रश्न कुठे वाढले, कुठल्या माणसाशी ती अजून अकरा वर्षांच्या मुलीसारखीच बोलते, हे कानाला लगेच कळतं. चौथ्या भागाच्या वेळी असं वाचताना लक्षात आलं की काकाशी तिचं पहिल्या भागानंतर एकही वाक्य नाही. पाचवा भाग त्या दोघांचा आहे.