ब्राझीलच्या महिला विश्वचषकाला जाण्यापूर्वीची तयारी

महिला फुटबॉलचा दहावा विश्वचषक २४ जून ते २५ जुलै २०२७ या काळात ब्राझीलमध्ये होणार असून दक्षिण अमेरिकेत तो प्रथमच भरत आहे. ज्या देशाने १९४१ ते १९७९ या काळात स्त्रियांना फुटबॉल खेळण्यास कायद्याने मनाई केली होती, त्याच देशात आता ३२ संघ उतरणार आहेत. हे प्रत्यक्ष पाहण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी काही कामे वेळेवर उरकून घ्यावीत.

आरंभ पीतज्वराच्या लशीपासून करावा, कारण ब्राझीलहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ तिचे प्रमाणपत्र नसेल तर भारतातील विमानतळावरूनच त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस सर्वसाधारण दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. केंद्रावर हाती पडणारी पिवळी पुस्तिका तिथेच उघडून नाव व क्रमांक पासपोर्टप्रमाणे आहेत ना, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का उमटला आहे ना, हे अक्षर न् अक्षर तपासावे. अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एकदा घेतलेल्या लशीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे ते पासपोर्टसोबतच जपून ठेवावे.

भारतीय नागरिकांना व्हिसा लागतो; त्याचा अर्ज वेळेत करावा.

सामने रिओ, साओ पावलो, ब्राझिलिया, बेलो होरिझोंते, पोर्तो अलेग्रे, साल्वादोर, रेसिफे आणि फोर्तालेझा या आठ शहरांत विभागलेले आहेत. पोर्तो अलेग्रे ते फोर्तालेझा हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक असल्याने एकाच संघामागे देशभर फिरण्यापेक्षा दोन-तीन जवळची शहरे निवडून तिथले सगळे सामने पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कपडेही त्यानुसार घ्यावेत: जुलैमध्ये पोर्तो अलेग्रेत ऐन हिवाळा असतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तर रेसिफेत पावसाचे दिवस असल्याने रेनकोट हाताशी हवा.

विजेचा दाब रिओत १२७ व्होल्ट, तर रेसिफेत २२० व्होल्ट असतो, म्हणून दोन्हींवर चालणारा चार्जर आणि तिथल्या सॉकेटला बसणारा अ‍ॅडाप्टर न्यावा. पोर्तुगीजमधील नेहमीची पन्नासएक वाक्ये पाठ करावीत. पाव, बटाटा आणि चावी हे शब्द आपल्याकडे त्याच भाषेतून आलेले असल्यामुळे सुरुवात अगदीच परकी वाटणार नाही.

रिओ, साओ पावलोची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना इथे पहाटे साडेतीनला दिसेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्यांनाही गजर लावून तो पाहता येईल.