एच३ खेळायचे राहून गेले: पत्राद्वारे बुद्धिबळात (समोरासमोर न बसता एकेक चाल टपालाने किंवा सर्व्हरवरून पाठवायच्या खेळात) नव्याने येणाऱ्यांसाठी

मोहरी कशी चालतात, ओपनिंग म्हणजे काय, रेटिंग कसे चढते-उतरते हे तुम्हाला माहीत आहे असे धरून चालतो. मला सुरुवातीला कुणी न सांगितलेली गोष्ट तेवढी सांगतो: या खेळात डाव वहीत, म्हणजे नोंदी-मांडणीच्या गोंधळात हरतात.

पहिल्याच वर्षी मी हौसेने चार स्पर्धांत नाव घातले आणि एकदम २२ डाव अंगावर घेतले. तुम्ही असे करू नका. सहा-सात डाव पुष्कळ झाले.

त्या २२ पैकी एक डाव हत्ती-प्याद्यांच्या शेवटाला आला होता. माझा पांढरा राजा जी१ वर, त्याच्यापुढची एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. माझा हत्ती ए१ वर, काळ्याचा सी८ वर. बेत सरळ होता. आधी एच३ खेळून राजाला निसटायला घर करायचे, मग ए७ चे प्यादे मारायचे. तपासण्यासाठी मी पटावर एच३ करून ठेवले आणि पुढच्या चाली पाहिल्या. मग दोन दिवस दुसऱ्या डावांत गेले. परत बसलो तेव्हा प्यादे एच३ वर दिसले, आणि ती चाल खेळून झाली आहे असेच मी समजलो. इंजिनलाही (चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामलाही) तीच स्थिती दिलेली होती. त्याने हत्ती ए७ ही चाल उत्तम ठरवली, आणि त्या स्थितीत ती उत्तमच होती.

मी १११७ पाठवले. उत्तर आले ३८३१. काळ्याचा हत्ती सी१ वर, शह, आणि राजाला जायला जागा नाही. सात महिन्यांचा डाव एका ओळीत संपला.

(हे आकडे ज्यांना नवे आहेत त्यांच्यासाठी: ए ते एच या पट्ट्या म्हणजे १ ते ८. पहिले दोन आकडे निघण्याचे घर, पुढचे दोन पोचण्याचे. मोहऱ्यांची नावे भाषेगणिक बदलतात, म्हणून आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेने आकड्यांची पद्धत ठेवली.)

मी पंचांना लिहिले, विनवणी केली. नियमाला धरून असलेली चाल एकदा गेली की गेली, एवढेच उत्तर आले. तेव्हा फार लागले होते.

तेव्हापासून चाल पाठवण्याआधी मी पट मोकळा करतो आणि नोंदीवरून पहिल्या चालीपासून सगळा डाव पुन्हा मांडतो. विश्लेषणाचा पट वेगळा, डावाचा पट वेगळा. दोन्ही कधीही एकत्र करत नाही. चाल लिहिल्यावर आकडे उलट वाचतो: या घरात आता माझे कोणते मोहरे उभे आहे, ते तिथे जाऊ शकते का? पाच मिनिटे लागतात. चाळीसाव्या चालीला कंटाळा येतो. तरी करा. ज्या दिवशी कंटाळा करून हे टाळाल, नेमकी त्या दिवशी चूक होईल.

सशर्त चालींबद्दलही, म्हणजे समोरचा अमुक खेळला तर माझी चाल तमुक असे आधीच कळवण्याबद्दलही, सावध राहा. पांढऱ्याने डी४ खेळले, तुम्ही जी६ खेळलात आणि वेळ वाचवायला सोबत लिहिलेत की ‘पुढे काहीही आले तरी उंट जी७’. पांढरा आपला उंट एच६ वर आणून ठेवेल. शब्द दिलाय म्हणून तुमचा उंट जी७ वर जाईल आणि मारला जाईल, पाठोपाठ एच८ चा हत्तीही. ‘काहीही’ हा शब्द इथे लिहायचाच नाही.

वेळेची भीती बाळगू नका. सर्व्हरवर साधारण १० चालींना ५० दिवस मिळतात. टपालाच्या काळात १० चालींना ३० दिवस असत आणि पत्राचा प्रवास त्यात धरत नसत. हान्स बर्लिनर १६ पैकी १४ गुण मिळवून पत्राद्वारे बुद्धिबळाचे पाचवे जगज्जेते झाले, ती अंतिम फेरी १९६५ ते १९६८ चालली होती. तुमचा डाव वर्षभर रेंगाळला म्हणून तुम्ही संथ ठरत नाही.

इंजिनबद्दल माझे मत ठाम आहे. आयसीसीएफमध्ये ते वापरायला परवानगी आहे, इतर अनेक ठिकाणी बंदी आहे. नियम वाचूनच नाव घाला. पण परवानगी असली तरी त्याची पहिली चाल उचलून पाठवणाऱ्याला बरोबरीपलीकडे क्वचितच काही मिळते, आणि कळत तर काहीच नाही. मार्गदर्शक निवडतानाही रेटिंगला भुलू नका. तुमच्या टिपा वाचून ‘ही चाल का नाकारलीस?’ असे विचारणारा साधा खेळाडू मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो.

पुढे मी स्वतः स्पर्धा भरवू लागलो. तक्ते, तारखा, निकाल हे जमून जाते. जिव्हारी लागते ते खेळाडूंचे न कळवता गप्प होणे. एक जण नाहीसा झाला की उरलेल्या सगळ्यांचे त्याच्याशी चाललेले डाव लोंबकळतात, महिनोन्‌महिन्यांची मेहनत पंचांच्या निर्णयावर जाते. आजारपण असो, नोकरी असो, दोन ओळी लिहा. रजा घ्या. अगदीच जमत नसेल तर रीतसर माघार घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही.

मागे एका नवख्या मुलाने चुकीचा आकडा पाठवला आणि चाल परत मिळावी म्हणून मला लांबलचक पत्र लिहिले. मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याला माझा तो जुना डाव पाठवला. त्याने एवढेच विचारले, एच३ आधी खेळला असतात तर डाव वाचला असता का?

वाचला असता.