लॅप स्टील घ्यायला निघताय? आधी टेप खिशात टाका

लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार, आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो ती. ती घ्यायला जाताना आधी टेप. सुताराची, स्टीलची, इंच आणि मिलीमीटर दोन्ही असलेली. शिवणाची कापडी नको, ती ताणली जाते. मागच्या वेळी मी केबल नेली होती, बार नेला होता, फोनमध्ये ट्यूनर होता, सोबत कानाची पक्की मैत्रीण होती, फक्त टेप नव्हती, आणि त्या एका गोष्टीपायी माझे तीन महिने गेले.

झालं असं की एका दुकानात सहा तारांची वापरलेली इलेक्ट्रिक हवाईयन गिटार दिसली, साडेसात हजारांना. अँपला लावली, मोकळ्या तारा छेडल्या, आवाज इतका गोड की मी तिथल्या तिथे पैसे देऊन टाकले. घरी फोनवर तानपुरा लावून बसायचे. मोकळी तार सुरात. सुरांच्या जागा दाखवायला तारांखाली आडव्या रेघा असतात, त्यातल्या पाचव्या रेघेवर मध्यम जरा चढा, सातव्या रेघेवर पंचम कणसूर, आणि बाराव्या रेघेवर वरचा सा तर चक्क टोचायचा. मला वाटलं माझा हात कच्चा, म्हणून मी रोज तास-दीड तास तेच घासत बसले, बार अगदी रेघेवर ठेवून, आणि जितका काटेकोर ठेवायचे तितकं बेसूर. शेवटी गिटार शिकवणाऱ्या सरांनी दोन मिनिटं ऐकलं, काही न बोलता ड्रॉवरमधून मोठी पट्टी काढली आणि गिटारवर आडवी ठेवली. नट म्हणजे चाव्यांकडची पट्टी जिच्यावरून तारा सुटतात, ब्रिज म्हणजे दुसऱ्या टोकाला त्या जिथे टेकतात ती. नटपासून बाराव्या रेघेपर्यंत साडेअकरा इंच. बाराव्या रेघेपासून ब्रिजपर्यंत अकरा.

ही दोन्ही अंतरं सारखी असायला हवीत. बारावी रेघ म्हणजे तारेचा बरोबर मध्य, तिथे तार अर्धी होते म्हणून वरचा सा मिळतो. माझ्या गिटारवर रेघा 23 इंच लांबीच्या हिशेबाने छापलेल्या होत्या आणि ब्रिज मात्र साडेबावीस इंचावर ठोकलेला. अर्ध्या इंचाचाच फरक, पण हिशेब केला तर पाचव्या रेघेवर सूर 13 सेंट चढतो, सातव्यावर 19 आणि बाराव्यावर 39. शंभर सेंटचा एक अर्धा स्वर, म्हणजे वरच्या साला मी जवळजवळ पाव स्वर बाहेर होते. साध्या गिटारला धातूचे फ्रेट, म्हणजे मानेवर रोवलेल्या आडव्या पट्ट्या असतात, ते चुकीच्या जागी बसले तर पहिल्याच गाण्याला कोणाच्याही लक्षात येईल. लॅप स्टीलवर तार दाबायची नसते, खाली फक्त रेघा काढलेल्या असतात, आणि रेघा कुठेही काढता येतात. म्हणून मोजायचं. दुकानदार घाई करत असला तरी मोजायचं, नवी कोरी पेटी फोडलेली असली तरी मोजायचं.

मोजायचं कसं, तर नटच्या ज्या कडेवरून तार सुटते तिथपासून बारावी रेघ, मग बाराव्या रेघेपासून ब्रिजवर तार जिथे टेकते तिथपर्यंत. लाकडाच्या टोकापासून नाही. साडेबावीस इंची असेल तर दोन्ही बाजूंना सव्वा अकरा यायला पाहिजे. दोन-तीन मिलीमीटर इकडेतिकडे असेल तर एकवेळ चालवून घेता येतं, पाव इंच असेल तर गिटार दुकानातच सोडून या. दुसरी चाचणी कानाची: बाराव्या रेघेच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ सूर निघाला तर रेघ जागेवर आहे. बोट रेघेच्या मागेपुढे सरकवल्यावरच घंटा वाजत असेल तर रेघ खोटं बोलतेय. सहाही तारांवर करून बघा. दुकानात गोंगाट असतो, कान फसतो, म्हणून ही चाचणी टेपच्या बदल्यात नाही, टेपच्या नंतर.

आता बाकीचं.

काय वाजवायचंय ते घरीच ठरवा. ब्रिजभूषण काब्रांसारखा राग वाजवायचा असेल तर ते वेगळं वाद्य आहे, पोकळ पेटीची गिटार, चिकारीच्या (मधूनमधून सा छेडायच्या) तारा, मोहनवीणा असेल तर वर तरफाही (आपोआप गुंजणाऱ्या तारा), त्याला ही यादी पुरणार नाही. हवाईयन गिटारवर गाणी वाजवणारे व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डींसारखी गाणी, भावगीतं, थोडं हवाईयन, थोडं कंट्री एवढं हवं असेल तर सहा तारांची सपाट लाकडी लॅप स्टील पुरे. आठ तारांची स्वस्तात मिळाली तरी पहिली म्हणून घेऊ नका, तारांचे सुटे सेट शोधताना जीव जातो.

लांबी, म्हणजे नट ते ब्रिज, साडेबावीस इंच घ्या. ग्रेच आणि रेकॉर्डिंग किंगच्या स्वस्तातल्या लॅप स्टील याच लांबीच्या असतात. 25 इंची मिळते, तिच्यात ताण जास्त आणि रेघांमधलं अंतरही जास्त, पण पहिल्या वर्षी तिरपा बार धरायला लहान बरी. अमेरिकेहून भाऊ-बहीण आणणार असतील तर त्यांनाही टेप घ्यायला सांगा, एकदा गिटार बसते का बघायला बॅग आतून तिरकी मोजायला, आणि एकदा, हो, बारावी रेघ मोजायला, तिकडच्या तिकडे परत करता यावी म्हणून. इथे आल्यावर कोण परत पाठवणार?

लाकडाची चर्चा सोडून द्या. 1932 साली विक्रीला आलेली रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक लॅप स्टील, जिला लोक फ्राइंग पॅन म्हणायचे, ती अख्खी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती आणि लांबी हीच, साडेबावीस. महोगनी की आंबा यावरून दोन हजार जास्त मागत असतील तर ते पैसे तारांना ठेवा.

बार ठेवून बघणं मात्र टाळू नका. बार सहाही तारांवर ठेवा, नटजवळ, मध्यावर, ब्रिजजवळ, आणि एकेक तार छेडा. एखादी तार झणझणली तर तिची खाच खोल आहे, म्हणजे तारांचे माथे एका पातळीत नाहीत. नट सपाट घासून घेता येतो, पण ते काम करणारा माणूस गाठावा लागतो, तेवढी किंमत कमी करून मागा. तारेचा ताण न बदलता चावी ढिली हलत असेल तर तेही बघा.

पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा असेल तर थोडी घरघर येणारच. तारेला किंवा ब्रिजला हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर नको. व्हॉल्यूमचं बटण सावकाश फिरवा, खरखर आली तर पॉट (बटणाच्या आतला भाग) मळलाय, ते स्वस्तात सुटतं, तेवढ्यासाठी गिटार सोडू नका. केबल जॅकमध्ये हलवून बघा. आणि वाजवता वाजवता उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूमपर्यंत पोचते का बघा, रडल्यासारखा फुलत येणारा आवाज तिथूनच निघतो.

जुन्या स्पॅनिश, म्हणजे साध्या गिटारची हवाईयन करणार असाल तर तोही चांगला मार्ग आहे आणि सगळ्यात स्वस्त. धातूचा उंच नट मिळतो, आहे त्या नटवर बसतो, तारा वर उचलल्या जातात. पण ट्यूनिंग ओपन जी किंवा ओपन डी (मोकळ्या तारांवरच तो कॉर्ड वाजेल असं) ठेवा, त्यात तारा उतरवायच्या असतात. ओपन ई साठी तीन तारा चढवाव्या लागतात, जुनी गिटार असेल तर तिची मान तरी वाकते नाहीतर ब्रिज तरी उखडतो. आणि उंच नटची कड जुन्या नटच्या जागीच येते असं नाही, ती दोन-तीन मिलीमीटर पुढेमागे जाते, शिवाय स्पॅनिश गिटारचा ब्रिज मुद्दाम थोडा मागे आणि तिरपा असतो. म्हणजे इथेही टेप. फ्रेट धातूचे आहेत म्हणजे बरोबरच असतील असं धरून चालू नका, नट बसवल्यावर पुन्हा मोजा.

तारा. ही दुसरी चूक, माझी नाही पण दोन ओळखीच्यांची. सी-सिक्स्थ हे लॅप स्टीलचं एक ट्यूनिंग जाड तारेपासून सी, ई, जी, ए, सी, ई असं लागतं. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा 10 ते 46 चा (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट चढवून ते लावायला गेलात तर सगळ्यात जाड तार ई वरून सी पर्यंत आठ अर्धे स्वर वर ओढावी लागते, ती तुटणार, आणि तोंड जवळ असेल तर इजा होईल. सी-सिक्स्थचा वेगळा सेट घ्या, त्यात बारीक तार साधारण 15 ची आणि जाड 36 च्या आसपास असते. दुकानात नसेल तर पहिले काही महिने साध्या सेटवर ओपन डी लावा, काही बिघडत नाही.

आणि घेऊन बसलेल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी: रेघा चुकल्या असतील तर गिटार फेकू नका. फ्रेट नाहीत हेच इथे कामाला येतं. नट ते ब्रिज लांबी मोजा, तिला 17.817 ने भागा, नटपासून तेवढ्या अंतरावर पहिली रेघ. साडेबावीस इंचाला ती 32 मिलीमीटर येते. मग पहिल्या रेघेपासून ब्रिजपर्यंत उरलेली लांबी घ्या, पुन्हा 17.817 ने भागा, पहिल्या रेघेपासून तेवढ्यावर दुसरी रेघ. असं बारा वेळा केल्यावर बरोबर अर्धी लांबी उरली पाहिजे, नाही उरली तर मध्ये कुठेतरी आकडा चुकलाय. कागदावर छापा, दोन ए-फोर जोडून होतं, प्रिंटरमध्ये पानात बसवायचा पर्याय बंद ठेवा नाहीतर तो गुपचूप लहान करून छापतो, छापून झाल्यावर टेपने मोजा, मग तारा काढून चिकटवा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. माझ्या गिटारवर अजून तोच कागद आहे. पहिल्या दिवशी सातव्या रेघेवर बार ठेवला आणि पंचम तानपुऱ्यात असा मिसळला की मला क्षणभर तार वाजतच नाहीये असं वाटलं. हाताला लागलेली जुनी सवय जायला मात्र पुढे आणखी बरेच दिवस लागले, बार आपोआप रेघेच्या मागे थांबायचा, तीन महिने कान आणि डोळे भांडत होते ना.

रेघ बरोबर असली तरी बार तिच्या बरोबर वर हवा, साध्या गिटारसारखा दोन रेघांच्या मध्ये नाही, आणि बघताना डोकं रेघेच्या वर आणा, बाजूने बघितलं की अंतर फसवतं.

बाकी पटापट. बार गोल टोकाचा, पाऊण इंच जाडीचा, सहाही तारा झाकेल एवढा लांब, हलका नको. अंगठ्याचा पिक एक, बोटांचे दोन, बोटात घालून घ्या. अँप छोटा कुठलाही. मांडीवरून घसरते, खाली रबराची जाळी ठेवा. केस मिळाली तर उत्तम, नाहीतर जाड चादर. सात दिवसांत परत घेणार का ते बिलावर लिहून घ्या, आणि टेप गिटारवर ठेवलेली असतानाच फोटो काढा, दुकानदाराच्या समोर, आकडे दिसतील असा.