स्क्रॅच कार्ड, सेल आणि दारावर येणारी पोरं: फसवणूक टाळायची कशी आणि झालीच तर करायचं काय

माझी आत्ती कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत राहते, दुपारी घरात एकटीच असते. गेल्या वर्षी दोन पोरं आली, गळ्यात ओळखपत्रं, हातात बॅग, बोलायला एकदम गोड. "काकू, कंपनीची जाहिरात आहे, काही विकत घ्यायचं नाही, फक्त कार्ड घासा." आत्तीनं कार्ड घासलं तर फूड प्रोसेसर लागला, किंमत म्हणे बारा हजार, आणि तिला फक्त टॅक्स आणि हँडलिंगचे ३,८०० भरायचे होते. तिनं डब्यातले साठवलेले पैसे काढून दिले. मशीन दुसऱ्या दिवशी खोबरं वाटताना जळालं, खोक्यावरचं नाव एका नामांकित कंपनीसारखंच पण एक अक्षर वेगळं, आणि पावतीवरचा फोन बंद.

ती पावती मी नीट बघितली. पिवळं वहीतलं पान, त्यावर नंबर नाही, जीएसटी नाही, मॉडेल नाही, वर "नो रिटर्न" असा शिक्का आणि पत्ता काय तर "मेन रोड, कोल्हापूर". आता कोल्हापुरातल्या माणसाला सांगायला नको, आपल्याकडच्या खऱ्या दुकानाच्या पत्त्यात पेठ असते, वॉर्ड असतो, नाहीतर अमक्या तालमीजवळ, तमक्या चौकात अशी खूण असते. हा पत्ता कोल्हापूर न बघितलेल्या माणसानं लिहिलाय हे पैसे देण्याआधी पावती वाचली असती तर तिथंच कळलं असतं. म्हणून सांगतो, सगळी लढाई पैसे द्यायच्या आधीची असते, नंतर नुसती धावपळ.

आधी जाहिरात वाचायची, आणि जपून ठेवायची

बक्षीस लागलंय आणि ते घ्यायला पैसे भरा, असं कोणी म्हटलं की तिथंच थांबायचं. फुकट म्हणून जाहिरात करायची आणि वर पॅकिंग, हँडलिंग किंवा प्रशासकीय खर्च म्हणून पैसे मागायचे हे चालत नाही, केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढलेत त्यात हे सरळ लिहिलंय. त्याच नियमांत अजून एक गोष्ट आहे जी मराठी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवायलाच पाहिजे. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खालच्या अटी पाहिजेत आणि अक्षरही तसंच पाहिजे. म्हणजे वर मराठीत मोठ्ठं "५० टक्के सूट" आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत "अटी लागू" हा प्रकार नियमात बसत नाही, अशी पानभर जाहिरात दिसली तर ती तक्रार करण्यासारखी आहे.

सेलला जाताना ती जाहिरात घेऊन जायची. पेपरातली असेल तर कात्रण, स्टेटसला असेल तर स्क्रीनशॉट, दुकानाबाहेर फ्लेक्स असेल तर तारखेसकट फोटो. दुकानात गेल्यावर "तो माल संपला, हा बघा दुसरा" असं झालं तर विचारायचं की मर्यादित स्टॉक आहे असं जाहिरातीत लिहिलं होतं का. गिऱ्हाईक ओढायला स्वस्त माल दाखवायचा आणि प्रत्यक्षात पुरेसा ठेवायचाच नाही याला पण या नियमांनी लगाम घातलाय. फ्लेक्स दोन दिवसांत उतरतो आणि मग तुमच्याकडे पुरावाच राहत नाही, म्हणून फोटो आधी, खरेदी नंतर.

बिल घेताना काय बघायचं

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर" मध्ये टाकला की दुकानाचं नाव येतं, लॉगिन लागत नाही, दुकानात उभं राहूनच बघता येतं. नाव वेगळंच आलं किंवा नोंदणी रद्द दिसली तर पैसे द्यायचे नाहीत. पण एक सांगतो, छोट्या दुकानदाराकडे जीएसटी नसला म्हणून तो चोर होत नाही, कमी उलाढालीवर नोंदणी सक्तीची नाहीच. त्याच्याकडून साधं बिल घ्या, त्यावर नाव, पत्ता, तारीख, वस्तू आणि रक्कम असू दे. बिल द्यायलाच नकार देणं ही मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जास्त लागतील" असं म्हणणाऱ्याकडून महाग वस्तू घेऊच नका, उद्या ती बिघडली तर तुम्ही तिथनंच घेतली हे दाखवायचं कशावर?

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून गप्प बसू नका. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे देणं कायद्यात आहे. रंग आवडला नाही म्हणून मात्र ही सवलत नाही.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे जायच्या आधी नाव येतं, ते मोठ्यानं वाचायचं. दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर विचारायचं हा कोण.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आणि चप्पल लाईनला

सोन्याच्या बाबतीत "घडणावळ पूर्ण माफ" ही जाहिरात सगळ्यात जास्त भुलवते. आधी त्या दिवसाचा २२ कॅरेटचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारून या, कारण घडणावळ माफ करून ग्रॅमचा भावच वर लावला तर तुम्हाला मिळालं काय? दागिन्यावर तीन खुणा बघायच्या, बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ के ९१६ वगैरे, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या नंबरशिवाय विकता येत नाही. "बीआयएस केअर" ॲपमध्ये नंबर टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. ॲपमध्ये अंगठी आणि हातात साजाचं, म्हणजे आपल्या कोल्हापुरी हाराचं, पान असं झालं तर सरळ उठायचं. साज घेताना मणी, खडे, लाख यांचं वजन सोन्याच्या भावात धरलंय का ते विचारा, बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या.

चपलेचं दुखणं आपलं स्वतःचं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा दर्जा, मिळाला, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना रेक्झिनची चप्पल "ओरिजिनल" म्हणून गळ्यात मारली की नाव खराब होतं ते राबणाऱ्या कारागिरांचं, म्हणून पाहुण्यांबरोबर आपण जायचं. तळ उलटा करून बघायचा, पारंपरिक चपलेला खिळा नसतो, चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, कडेनं बघितलं तर चामड्याचे थर दिसतात आणि वास चामड्याचा येतो, सोल्यूशनचा नाही. बिलावर "लेदर" शब्द लिहून मागा. जो लिहायला कचरतो त्याच्याकडून घेऊ नका.

फसलातच तर

आत्तीनं आम्हाला आठ दिवस सांगितलंच नाही. लाज वाटली, "पोरं काय म्हणतील" म्हणून मशीन पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. तेवढ्यात ती पोरं पेठेतल्या अजून किती घरांत जाऊन आली असतील देव जाणे. घरातल्या म्हाताऱ्या माणसावर यावरून ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते अजिबात सांगणार नाहीत.

फोनवर, लिंकवरून किंवा यूपीआयनं पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, त्याच मिनिटाला, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच हाताला लागतात. दारावरचा विक्रेता गायब झाला असेल तर जवळचं पोलीस ठाणं, पावती, खोकं, कार्ड सगळं घेऊन. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते. गल्लीत कुणाच्या सीसीटीव्हीत गाडीचा नंबर आलाय का ते लगेच विचारा, रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं.

दुकान किंवा कंपनी जागेवर आहे पण ऐकत नाही, तर आधी लेखी मागणी करा, ईमेल किंवा स्पीड पोस्टनं, १५ दिवसांची मुदत देऊन, भांडण नको, फक्त काय घेतलं, कधी, काय बिघडलं, किती पैसे परत पाहिजेत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, मराठीत बोलता येतं. ते दोन्ही बाजूंत तडजोड घडवायचा प्रयत्न करतात, हुकूम देऊ शकत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या इथंच हलतात. जाहिरातच दिशाभूल करणारी असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, ते १० लाखांपर्यंत आणि परत तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलासुद्धा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथंच, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही राहता तिथं म्हणजे कोल्हापुरातच तक्रार करता येते, हे २०१९ च्या कायद्यानं मिळालंय. वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत. सोबत बिल, जाहिरातीचा फोटो, पाठवलेलं पत्र आणि पोस्टाची पावती जोडा. थर्मल कागदावरचं बिल चार-सहा महिन्यांत पांढरं पडतं, तर घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा.