ब्रेसला जोड द्या, पण मधोमध नको

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये कटपीस टाकून द्यायला कुणाचा जीव होत नाही. गेल्या पावसाळ्यात वेल्डरमामांनी चॅनलचे (सी आकाराच्या स्टीलचे) 2-2 मीटरचे तुकडे समोरासमोर मांडले. 4 मीटरचा ब्रेस (सांगाड्यातला तिरपा आधार), जोड बरोब्बर मध्यावर. मी खडूची खूण पुसली.

भूकंपात ब्रेस एका झोक्याला ताणला जातो, उलट झोक्याला दाबाखाली मध्यावर वाकतो. या ताणण्या-वाकण्यातच धक्क्याची ऊर्जा जिरते. तिथं वेल्ड असला तर तडा तिथूनच सुरू होण्याची भीती. म्हणून लांबीचा मधला पाव भाग मोकळा ठेवा, इथं मधला 1 मीटर. दोन्ही टोकांना गसेटलगत (ब्रेस जिला जोडतात ती प्लेट) ब्रेसच्या सेक्शनच्या उंचीइतकी जागाही सोडा. मी टोकापासून 1 मीटरवर जोड घेतो, तोही डिझायनरला विचारूनच.

जोडाची ताकद ड्रॉइंगवरच्या फोर्सवरून ठरवू नका. आधी ब्रेस यील्ड झाला (कायमचा ताणला गेला) पाहिजे, जोड नाही. आयएस 800 (2007) हे स्टील बांधकामाचं भारतीय मानक स्पेशल ब्रेस्ड फ्रेममध्ये (भूकंपासाठी खास आखलेल्या ब्रेसवाल्या सांगाड्यात) टोकाच्या कनेक्शनसाठी 1.1 × यील्ड × क्षेत्रफळ हा आकडा देतं, तोच मी जोडाला धरतो. आयएसएमसी 150 (150 मिमी उंचीचा चॅनल) घेतला तर क्षेत्रफळ साधारण 2,100 चौरस मिमी, स्टीलचं यील्ड 250 मेगापास्कल: 577 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 59 टन!

बोल्टचा जोड सोपा वाटतो, पण फसवतो. एम20 (20 मिमी) बोल्टसाठी वेबमध्ये (चॅनलच्या मधल्या पट्टीत) शेजारी शेजारी दोन 22 मिमीची भोकं पाडली की क्षेत्रफळ 11 टक्के घटतं. 410 मेगापास्कल अल्टिमेटच्या (तुटण्याच्या ताकदीच्या) स्टीलला हिशेबात 7 टक्क्यांच्या आतलीच घट परवडते. भोकांपाशी जादा प्लेट वेल्ड करण्यापेक्षा मी सरळ फुल पेनिट्रेशन बट वेल्डच (कडेला कड लावून पूर्ण जाडीभर वेल्ड) करतो.

दोन्ही कडांना 30 अंशांचा बेव्हल (तिरपा काप), 2-3 मिमी गॅप. रूट रन (तळाचा पहिला पास) झाला की मागून ग्राइंडरनं चांगला धातू दिसेपर्यंत खोदा, मग मागचा पास. रॉड 7018 (कमी हायड्रोजनचा), ओव्हनमधून काढलेलाच. जुलैतल्या हवेत उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो, त्या ओलीतून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, आणि त्याची चीर वेल्ड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी उमटते. म्हणून फ्लँजचं (चॅनलच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांचं) यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणी, मी दुसऱ्या दिवशीच करवतो.

"नाशकात कुठला आलाय भूकंप?" मामा म्हणाले. आयएस 1893 या भूकंपाच्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नाशिक झोन 3 मध्ये (मध्यम धोक्याच्या पट्ट्यात) आहे, एवढंच सांगितलं. मग त्यांनी 6 मीटरच्या बारमधून 3 मीटर काढले, 2 मीटरवाल्या एका तुकड्यातून 1 मीटर. दुसरा 2 मीटरचा तुकडा अजून शेडच्या दाराशी बाकड्याखाली पडलाय.