नाताळचं झाड कुंडीत वाढवायचंय? मग खालचा थर सांभाळा

नाताळसाठी झाडं वाढवून चार पैसे जोडायचे असतील, तर परदेशी चित्रांतली फर आणि स्प्रूस आधी डोक्यातून काढा. त्यांना कडाक्याची थंडी लागते, कोकणपट्टीत ती कुठून आणणार? आपल्याकडे सगळे ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते अरोकेरिया. मूळचं पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं, त्या बेटाच्या झेंड्यावरही हेच झाड आहे. बेटावरचं असल्यामुळे खारा वारा त्याला सोसतो. वसईत माझ्या वाडीत केळी आणि सोनचाफ्याच्या शेजारी ते सुखाने वाढतं.

वाढ मात्र हळू. कुंडीत वर्षाला साधारण फूटभर. एक फुटाचं रोप तीन फुटांचं व्हायला दोन वर्षं तरी जातात. त्यामुळे एकदम शंभर रोपं आणून पैसे अडकवू नका. दरवर्षी तीस-चाळीस आणा, म्हणजे पुढे प्रत्येक डिसेंबरला एक खेप विकायला तयार असते.

रोपं आणताना

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की आणा. बियांपासून केलेलं किंवा शेंड्याच्या कलमाचंच रोप घ्या. बाजूच्या फांदीपासून केलेलं कलम मुळं धरतं, हिरवंगार दिसतं, पण उभं वाढत नाही. ते जन्मभर आडवंच पसरतं. पहिल्या वर्षी मला एका रोपवाटिकेतून अशी नऊ रोपं मिळाली आणि दोन वर्षं मी त्यांना काठ्या बांधत बसले. एकही सरळ झालं नाही. रोप हातात घेऊन वरून बघा. खोडाभोवती चहूबाजूंनी फांद्या फुटून चांदणी दिसली तर घ्या. पिसासारखं चपटं दिसलं तर फुकटातही नको.

माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागाने मिसळा. एका कुंडीत एकच झाड. पावसाळ्यात महिन्यातून एकदा शेणखताचं पातळ पाणी द्या.

खालचा थर

सगळी कमाई या थरात आहे. अरोकेरियाच्या फांद्या मजल्यांसारख्या एकावर एक येतात आणि खालचा मजला एकदा गेला की गेला. उघड्या पडलेल्या खोडावर तिथे पुन्हा फांदी फुटत नाही. पाच फुटांचं झाड खाली बोडकं असेल तर गिऱ्हाईक एक नजर टाकून पुढे जातं, आणि तीन फुटांचं भरगच्च झाड लगेच उचलतं.

तरीही ‘खालच्या फांद्या छाटा, वर जोर धरेल’ असा सल्ला लोक बिनदिक्कत देतात. अजिबात ऐकू नका. ‘शेंडा खुडा, झाड दाट होईल’ हा तर त्याहून वाईट. शेंडा मोडला की दोन-तीन शेंडे उभे राहतात आणि झाडाचा आकार कायमचा बिघडतो. या झाडाला कात्री लावायची ती फक्त वाळलेल्या फांदीला.

माझं मोठं नुकसान झालं ते मे महिन्यात. घरातल्या लग्नासाठी चार दिवस बाहेर होते. पाणी घालायला माणूस ठेवला होता, त्याने रोज पाइपने पाणी मारलंही. परत आले तेव्हा सगळं हिरवं होतं. पंधरा दिवसांनी खालच्या फांद्या तपकिरी पडून लोंबायला लागल्या. मी खत घातलं, औषध फवारलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी एक झाड कुंडीतून उपसून पाहिलं. वरची दोन बोटं माती ओली आणि आत मुळांचा गोळा भाकरीसारखा कोरडा. माती सुकून आक्रसली की कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. झाड मुकाट सोसतं आणि दुखणं दोन आठवड्यांनी दाखवतं. तोवर फांदी मेलेली असते.

त्यामुळे वरच्या मातीवर विश्वास ठेवू नका, कुंडी कलती करून वजन बघा. चार दिवसांत हाताला अंदाज येतो. हलकी लागली तर कुंडी पाण्याच्या टबात ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढू नका. मार्च ते मे वर हिरवी जाळी हवीच.

पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. कुंडीखाली पाणी साचलं की मुळं कुजतात आणि पहिली पिवळी पडते तीही खालचीच फांदी. कुंड्या विटांवर चढवा, खाली ताटली ठेवू नका.

आणि दाटी करू नका. जागा वाचवायला कुंड्या खेटून ठेवल्या तर शेजारच्या झाडाच्या सावलीत खालचा थर वाळतो. एका झाडाच्या फांदीचं टोक दुसऱ्याला लागलं की कुंडी सरकवा. दर आठवड्याला पाव फेरा फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे कलतं. तीस कुंड्या फिरवायला अर्धा तास लागतो, आळस नको.

विक्री

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासून, नोव्हेंबर संपता संपता, विचारणा सुरू होते. टेम्पोत चढवताना फांद्या सुती पट्टीने वर ओढून सैल बांधा. सुतळी टोचते. झाड आडवं टाकू नका.

मी काही झाडं भाड्यानेही देते, पण अनामत घेऊन आणि जास्तीत जास्त तीन आठवड्यांसाठी. देताना दोन गोष्टी बजावते: एसीच्या झोतात ठेवू नका, जड सजावट खालच्या फांद्यांना लटकवू नका. ६ जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण झाला की नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आवरताना झाडही परत मागवते. घरातून आलेलं झाड लगेच उन्हात ठेवलं तर करपतं. आधी पंधरा दिवस सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन. आल्या आल्या कुंडी कलती करून बघायची. बहुतेक कुंड्या हलक्याच लागतात, म्हणून पाण्याने भरलेला टब मी अंगणात आधीच तयार ठेवते.